चौदा रात्रींचा मुक्काम

या गावाला पूर्वी वर्षातून दोनदा श्वास घ्यायला मिळायचा. उन्हाळ्यात माणसं तळ्यासाठी यायची, हिवाळ्यात बर्फासाठी. मधे मात्र असे काही आठवडे असायचे, की तळ्याचं पाणी गारठलेलं असायचं आणि डोंगरावर बर्फाचा पत्ता नसायचा. नाहीतर बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालेला असायचा. तेव्हा इकडे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. त्या रिकाम्या दिवसांत गावातले लोक माळ्यावरून, मागच्या पडवीतून, तळघरातून आपापल्या घरात परत यायचे. चांगल्या खोल्या पाहुण्यांना आणि आपण अडगळीत, हाच इथला धंदा. रिकाम्या दिवसांत भिंती रंगवायच्या, लग्नं उरकायची, हंगामात राहून गेलेली भांडणं करून घ्यायची.

मग अकरा वर्षांपूर्वी नगरपालिकेतल्या शहाण्यांच्या डोक्यात आलं, की गाव बारा महिने चालवायचं. चिखलाच्या दिवसांत पक्षी दाखवायला सुरुवात झाली, पानगळीत पानं. पक्षी आणि पानं एकवेळ समजू शकतो. पण नोव्हेंबरातलं धुकं, ज्यात स्वतःचा हात दिसत नाही, तेही विकायला काढलं. धुक्यातली नौकासफर म्हणे. काही दिसत नाही हे बघायला माणसं धक्क्यावर रांग लावतात, आता यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करायचं? धंदा वाढला हे खरं, नाही कशाला म्हणा. पण तेव्हापासून गावातली माणसं जी माळ्यावर चढली, ती चढलीच.

तळ्याकाठच्या रस्त्यावरच्या एका पाच खोल्यांच्या लॉजची मालकीण त्यातलीच. लग्न होऊन या घरात आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. पाहुणे तिला मालकीणबाई म्हणत, सासरे सूनबाई म्हणत आणि नवरा हाकच मारत नसे, नुसता खाकरत असे. नवऱ्याचं काम धक्क्यावर, पायडलच्या होड्या दुरुस्त करायचं. माणूस वाईट नव्हता, पण कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर एकच: "बघू." घराला आग लागली तरी हा "बघू" म्हणेल, असं ती म्हणायची, आणि त्यावरही तो "बघू" म्हणाला होता.

लॉज उभं केलं होतं सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी. वय चौऱ्याऐंशी. कागदोपत्री घर अजून त्यांच्याच नावावर. तळमजल्यावर जेवणाची खोली, स्वयंपाकघर आणि एक नंबरची खोली. वर चार खोल्या. त्याच्यावर माळा, तिथे ही तिघं. एक नंबरची खोली कधीकाळी आबांची आणि सासूबाईंची होती. नवऱ्याचा जन्म त्याच खोलीतला. खिडकी थेट तळ्याकडे, त्यामुळे मागणी सगळ्यात जास्त त्याच खोलीला.

उन्हाळ्याच्या शेवटी आबा जिन्यात पडले. पडले ते कसे, तर एका पाहुण्याची बॅग वर नेताना. पाहुणा तिशीतला, चांगला धट्टाकट्टा. पण पाहुण्याने बॅग उचलायची नाही हा आबांचा नियम, आणि नियम कुणासाठी मोडायचा नाही हा दुसरा नियम. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, महिनाभर खालच्या शहरात दवाखान्यात काढला. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, चालतील, पण जिना विसरा. घरात जिने दोन. पहिला सतरा पायऱ्यांचा, माळ्यावरचा अकरा.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की आबांनी राहायचं कुठे.

नणंद खालच्या शहरात राहायची. तिने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. "वहिनी, सगळं एकमजली आहे," ती फोनवर म्हणाली. "कठडे आहेत, नर्स आहेत. तुमच्या त्या शिडीसारख्या जिन्यांपेक्षा बरं." मनाने वाईट नव्हती तीही. मालकीणबाईने नवऱ्याला विचारलं. तो काय म्हणाला ते सांगायला नकोच.

शेवटी तिनेच निर्णय घेतला, आबांना एक नंबरमध्ये ठेवायचं. पण खोली नुसती रिकामी ठेवून चालत नाही. बुकिंगच्या कॉम्प्युटरवर रिकामी दिसली की तासाभरात कुणीतरी पटकावतो. त्या पंधरवड्याची दोन बुकिंगं तिने शेजारच्या लॉजवालीच्या गळ्यात घातली आणि खोली आबांच्याच नावावर लावली, पाहुणा म्हणून. कॉम्प्युटरने विचारलं, मुक्काम कधीपर्यंत? तिने जागा कोरी सोडली. चालेना. वर्ष टाकलं, तेही चालेना. एका पाहुण्याला जास्तीत जास्त चौदा रात्री. तिने चौदा टाकल्या. पंधराव्या दिवशी दुपारी दोनला एक जोडपं येणार होतं, त्यांचं बुकिंग गेल्या वर्षीपासूनचं. त्यांच्यामागे आणखी चाळीस बुकिंगं, पुढच्या वर्षापर्यंत. चौदा दिवसांत काहीतरी सुचेल, असं ती स्वतःशी म्हणाली. एवढी वर्षं "बघू" ऐकून माणसाला ते कधीतरी लागतंच.

आणि तिच्या हातून चूक झाली ती त्याच दिवशी. जिन्याच्या पायथ्याशी एक फळा होता. खोलीचा नंबर आणि पुढे पाहुणा जाण्याची तारीख, म्हणजे कुठल्या चादरी कधी काढायच्या ते बघताक्षणी कळतं. फळा आबांनीच लावलेला. नवीन नाव लागलं की तारीख लिहायची, हा तिच्या हाताचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. कॉम्प्युटर बंद करून ती उठली, खडू घेतला, एक नंबरपुढे पंधराव्या दिवसाची तारीख लिहिली आणि भाजी चिरायला गेली. आपण काय लिहिलं हे तिच्या डोक्यापर्यंत पोचलंसुद्धा नाही.

आबा आले. चौदा दिवस त्यांनी असे काढले की तिलाच नवल वाटावं. हा माणूस एरवी चहात साखर कमी पडली तर सगळ्या घराला ऐकवणारा. आता एक तक्रार नाही. जे पुढे येईल ते खायचं, ताट बाजूला सरकवून ठेवायचं, वर "छान झालं होतं" म्हणायचं. दिवा वेळेवर बंद. आंघोळीनंतर मोरी स्वतः पुसलेली. दुखण्याने माणूस निवळतो, असं तिने नणंदेला सांगितलं, आणि सांगताना तिला थोडं बरंही वाटलं.

रोज सकाळी ते वॉकर घेऊन बोळातून चालायचे, जिन्यापर्यंत जायचे. व्यायामवाली बाई यायची, ती त्यांना पायऱ्या चढवून बघायची. पाचव्या दिवशी दोन पायऱ्या झाल्या. दहाव्या दिवशी चार. बाराव्या दिवशी परत दोन. "आता याहून जास्त होणार नाही," व्यायामवाली दारात चपला घालताना म्हणाली. रात्री मालकीणबाईने नवऱ्याला सांगितलं. तो कुशीवर वळला आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. हे "बघू"पेक्षा वाईट होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी ती वरच्या तीन नंबरचं आवरून, मळक्या चादरींचा ढीग कवटाळून खाली आली, तर आबा बोळातल्या खुर्चीवर बसलेले. अंगात बाहेर जायचा कोट. केस ओले करून विंचरलेले. पायाशी दवाखान्यातून आणलेली बॅग, आणि बॅगेवर उशीचा अभ्रा, त्यात चादर, पलंगपोस, टॉवेल नीट घड्या करून कोंबलेले. खोलीचं दार सताड उघडं. गादी उघडी, खिडक्या उघड्या, कचऱ्याची टोपली रिकामी करून दाराबाहेर ठेवलेली. तळ्यावरून गार वारा आत येत होता.

"आबा, हे काय?" ती म्हणाली. "कुठे निघालात?"

"दहाला खोली सोडायची असते ना," आबा म्हणाले. "पावणेदहा झालेत. गादी अर्धा तास हवेशीर राहू दे, मग नवीन चादर घाल. दोनपर्यंत खोली तयार होईल तुझी."

तिला काही उमगेना. या वयात शस्त्रक्रियेनंतर माणसं भ्रमिष्ट होतात, असं तिने ऐकलं होतं. तिने ढीग खाली टाकला, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि लहान मुलाशी बोलतात तसं म्हणाली, "आबा, मला ओळखलंत का?"

"काय वेड लागलंय का सूनबाई?" आबा म्हणाले. "ओळखायला काय झालं? आज तारीख काय आहे? फळ्यावर तूच लिहिली आहेस. मी पहिल्याच दिवशी वाचली."

ती मान वळवून फळ्याकडे बघत राहिली. तिचंच अक्षर. एकपुढे तारीख, खाली दोन, तीन, चार, पाच. कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं तिला. चौदा दिवस हा माणूस रोज सकाळी वॉकर सरकवत इथपर्यंत यायचा आणि आपली जायची तारीख वाचून परत फिरायचा. आणि तो निवळला म्हणून हिला बरं वाटत होतं.

"आबा, ते असंच लिहिलं गेलं हो. हाताला सवय," ती म्हणाली. "मनात तसं काही नव्हतं."

"मी कुठे काय म्हणतोय?" आबांचा आवाज अगदी साधा होता, रागाचा लवलेश नाही. राग असता तर तिला परवडला असता. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी बसून ठरवलंय. चांगलं केलंत. तारीख ठरलेली बरी, माणसाला आवरायला वेळ मिळतो. तो गाढव तर जन्मात काही ठरवणार नाही. मी परवा फोन केला तुझ्या नणंदेला. म्हटलं, इथला मुक्काम झाला, गाडी घेऊन ये. अकराला पोचेल ती. तिथे जागा आहे म्हणाली."

मग ते म्हणाले, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी तर चौदा राहिलो."

हसवायला बोलले होते. ती हसली नाही. तिला लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. आपल्या घरात, आपण बांधलेल्या घरात, हा माणूस दोन आठवडे शहाण्या पाहुण्यासारखा राहिला. ती शेजारच्यांना, नणंदेला, स्वतःला सांगत होती की आम्ही आबांना घरी आणलं. घरी कुठे आणलं होतं? खोली दिली होती.

"तुम्ही कुठेही जायचं नाही," ती म्हणाली.

"आणि दोन वाजता येणाऱ्या माणसांना काय सांगणार? बुकिंग घेतलेला पाहुणा दारातून परत पाठवायचा नाही. या घरात तसं कधी झालेलं नाही." आबांचा आवाज आता जरा चढला. "सूनबाई, भलतं काही करू नकोस. चार पायऱ्यांच्या वर मी जात नाही, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. खोली एकच आहे खाली. यात रडायचं काय आहे? हिशेब सरळ आहे."

ती उठली. जेवणाच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडला. खोली नंबर एक. बुकिंगं रद्द करायची, तर कारण द्या म्हणाला. कारणांची यादी उघडली. एवढ्या वर्षांत तिने बुकिंग फार तर शेजारी वळवलं होतं, रद्द कधी केलं नव्हतं, त्यामुळे ही यादी तिने पाहिलीच नव्हती. दुरुस्ती. पाण्याची अडचण. विजेची अडचण. नैसर्गिक आपत्ती. आणि अगदी तळाशी: खोलीत मालक राहतात.

ती क्षणभर बघतच राहिली. म्हणजे अशी सोय होती तर. जगात कुठेतरी अशीही घरं होती, जिथे मालक खोलीत राहतात, आणि त्यासाठी कुणीतरी शहाण्या माणसाने ओळ लिहून ठेवली होती.

तिने तो घडीचा कॉम्प्युटर उचलला, बोळात आणला आणि आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला. वाचलं. मग परत वाचलं.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही. दुसरं कोण? घर तुमच्या नावावर आहे. आम्ही आपले माळ्यावर."

बाहेर धक्क्यावरचा भोंगा वाजला, धुक्यातल्या सफरीची दहाची बोट निघाली. चष्मा काढून आबांनी कोटाच्या बाहीने पुसला, घातला, परत काढला.

"चाळीस माणसांना असं कळवणार तू?"

"चाळीस वेळा कळवीन. बोटं काही झिजत नाहीत. पुढच्या महिन्यापासूनची आहेत ती, दुसरीकडे जागा बघून देईन. पण आजचं जोडपं रस्त्यात आहे, त्यांचं काय करू ते मला सुचत नाही. ते तुम्ही सांगा."

खरं तर तिला सुचत होतं. एकतीस वर्षांचा अनुभव होता, इतकं न सुचायला ती काही कालची नव्हती. पण तिने विचारलं, आणि विचारलं ते बरं केलं. कारण आबांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.

"माळा दे त्यांना," ते म्हणाले.

"आमचा?"

"मग काय माझा? चार रात्रींचा तर प्रश्न आहे. तुम्ही दोघं जेवणाच्या खोलीत झोपा, फोल्डिंगच्या खाटा आहेत. माळ्यावरचे कपडे, डबे, त्याचं ते होडीचं भंगार, सगळं दोनच्या आत उतरव. आणि त्यांना सांगताना असं तोंड पाडून सांगू नकोस. म्हणायचं, वरून तळं जास्त चांगलं दिसतं."

"दिसतं का?"

"धुकं आहे," आबा म्हणाले. "कुठूनच दिसत नाही."

अकराला नणंद आली, गाडीची मागची सीट मोकळी करून, गुडघ्यावर घ्यायची शाल घेऊन, डोळे आधीच लाल करून. बोळात पाय टाकते तोच तिच्या हातात भावाच्या शर्टांचा गठ्ठा आला. "वहिनी, हे काय? आबा तयार आहेत ना?" तिने विचारलं. आबा एक नंबरमधून म्हणाले, "मी कुठे जात नाही. तू आली आहेस ते बरं झालं, वरची माझी गादी खाटेवर टाकायला आणायचीय, ती दोघींशिवाय उतरणार नाही." नणंदेने वहिनीकडे बघितलं. वहिनीने गादीचं दुसरं टोक धरलं. जिन्याच्या वळणावर गादी अडकली तेव्हा नणंद एकाएकी तिथेच बसली आणि रडायला लागली. मागच्या दोन रात्री झोप नव्हती, म्हणाली, त्या आश्रमाच्या फॉर्मवर सही केली तेव्हापासून. मालकीणबाई तिच्यापाशी पायरीवर बसली. गादी दोघींच्या डोक्यावर तशीच लोंबत राहिली. पाच मिनिटांनी दोघी उठल्या आणि गादी खाली आणली.

साडेबाराला नवरा जेवायला आला. बोळात त्याची होडीची चाकं, साखळ्या, तेलाचे डबे ओळीने मांडलेले. बायको आणि बहीण घामाघूम. काय झालं ते बायकोने चार वाक्यांत सांगितलं, फळ्याचंही सांगितलं, त्यात स्वतःला सोडलं नाही. तो ऐकून एक नंबरच्या दारात गेला. बाप उघड्या गादीवर बसला होता. "आबा," तो म्हणाला. मग तो कपाटापाशी गेला, धुतलेली चादर काढली आणि गादीवर पसरायला लागला. लग्न झाल्यापासून त्याने घरात चादर घातलेली तिने पहिल्यांदाच पाहिली. उलटी घातली. तिने काही म्हटलं नाही.

जोडपं दोनला न येता सव्वादोनला आलं, धुक्यात रस्ता चुकत. पन्नाशीतली माणसं, सभ्य. खोली बदलली म्हटल्यावर त्यातल्या नवऱ्याने जरा कपाळाला आठ्या घातल्या, पण माळा पाहून बायको खूश झाली. तिरकं छत, लाकडाचा वास, असलं काहीतरी तिला फार आवडलं. बॅगा मालकीणबाईच्या नवऱ्याने वर नेल्या.

चहाच्या वेळेला जोडपं खाली आलं. एक नंबरचं दार उघडंच होतं. आत आबा खिडकीपाशी खुर्चीत, पाय स्टुलावर. त्यांचा कोट दारामागच्या खिळ्याला. बायको दारात थांबली आणि बोलघेवडी माणसं सुट्टीत सगळ्यांशी बोलतात तशी म्हणाली, "छान खोली मिळालीये तुम्हाला. आम्ही चार रात्री आहोत. तुमचं कधी निघायचं आहे?"

स्वयंपाकघरात मालकीणबाईचा हात कपावरच थांबला.

"मी नाही निघायचो," आबा म्हणाले. "मी इथे राहतो." आणि लगेच, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात: "सूनबाई, यांना चहा दे. आणि माझ्यात साखर घाल जरा, चौदा दिवस नुसतं गरम पाणी पितोय. ही चादर कुणी घातली? उलटी आहे. आणि कुणीतरी ती खिडकी लावा, मला थंडी वाजते."

खिडकी लावायला नवरा धावला. मालकीणबाईने साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि ओट्याशी उभी राहून पदर तोंडाला लावून रडली. नणंदेने मागून येऊन गॅस पेटवला आणि आधण ठेवलं.